महाग बाण घ्यावा काय?

सन 2023 च्या ऑगस्ट महिन्याच्या 5 तारखेस बर्लिन येथे भरलेल्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत सातारची अदिती गोपीचंद स्वामी ही अवघी सतरा वर्षांची मुलगी जगज्जेती ठरली. आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस प्रवीण देवतळे याने अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण मिळवून पुरुषांतील जगज्जेतेपद पटकाविले. दोघांनीही ही विद्या सातारा येथे प्रवीण सावंत यांच्या हाताखाली संपादिली. तत्पूर्वी दोन वर्षे फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियोच्या ऑलिंपिक मैदानावर उतरला होता, व त्याच्या तयारीत आमच्या पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्‌स इन्स्टिट्यूटचा वाटा होता. अशी वृत्ते घरात मोठ्याने वाचली जातात आणि मग एखादा नातू किंवा नात धनुष्य हाती घेते. येथवर सर्व आनंदीआनंद असतो. पुढे सहा महिन्यांनी मूल येऊन सांगते की, आता कार्बनचे बारा चांगले बाण हवेत. आणि किंमत ऐकून वडीलधारी मंडळी चष्मा पुसू लागतात. या प्रश्नाचा जरा शांतपणे विचार करण्याचे आम्ही या महिन्यात योजिले आहे.

प्रथम एक गोष्ट बाजूस काढू. बाजारात कित्येक बाण शिकारीचे म्हणून विकले जातात, आणि त्यांचे चित्रविचित्र रंग मुलांस भुरळ घालतात. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा 1972 साली झाला. तेव्हा हौसेच्या शिकारीचा प्रश्न आपल्यापुढे उरलेलाच नाही. अमेरिकेत मात्र कित्येक ठिकाणी शरद ऋतूत परवाना घेऊन धनुष्याने हरिणाची शिकार करतात. तेथील जाणत्या शिकाऱ्यास विचारले तर तो सांगेल की, वीस-तीस मीटरवर दांड्याच्या अतिसूक्ष्म सरळपणाचे फारसे चालत नाही. चालते ते पात्याच्या धारेचे, कारण बोथट पात्याने जनावर तडफडत मरते. आपल्या मुलांच्या मैदानावर ते पाते निषिद्धच होय, कारण त्याने लक्ष्याच्या चिंधड्या उडतात आणि शेजारच्याच्या जिवास धोका पोहोचतो. या उदाहरणातून एवढे घ्यावे की, बाणाचे मोल त्याच्या कामावरून ठरते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराचा अधिकार सांगताना वेळू, शर इत्यादी बाणांचे प्रकार दिले आहेत आणि छेदन, भेदन व ताडन अशा कार्यभेदाने त्यांची टोके निरनिराळी सांगितली आहेत. किमतीआधी काम विचारण्याची रीत अशी जुनीच आहे.

या प्रसंगी घरातील कोणी आजोबा हटकून महाभारत काढतात. ‘अर्जुनास कोठे कार्बनचे बाण होते?’ असा त्यांचा सवाल असतो. आमचे म्हणणे असे की, हा दाखला काटकसरीच्या बाजूने देताना जपावे. गांडीव धनुष्य व अक्षय्य भाते हे अर्जुनाचे साहित्य काही हलक्या प्रतीचे नव्हते. परंतु ते त्यास केव्हा मिळाले, हे पाहण्यासारखे आहे. द्रोणाचार्यांनी झाडावरील पक्ष्याच्या निमित्ताने परीक्षा घेतली ती विद्यार्थिदशेत, आणि गांडीव हाती आले ते खांडववन जाळण्याच्या प्रसंगी, म्हणजे हात सिद्ध झाल्यानंतर पुष्कळ काळाने. शिवाय आपल्या नातवंडांचे भाते अक्षय्य नाहीत. बाण हरवतो, मोडतो, एकावर दुसरा आदळून फुटतो. हा खर्च एकदाच करून सुटण्यासारखा नसल्यामुळे तो केव्हा करावा, हाच खरा प्रश्न होय.

आता बाणाकडे वळू. दोरी सुटली म्हणजे बाण काठीसारखा ताठ जात नाही. माशाने अंग वळवावे तसा तो वाकत, परत वाकत पुढे जातो. हे वाकणे धनुष्याच्या जोरास जुळावे लागते. जुळण्याच्या या ताठपणास शिक्षक मंडळी ‘स्पाइन’ म्हणतात. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण गरजेहून ताठ असेल तर डावीकडे व गरजेहून लवचीक असेल तर उजवीकडे जातो. म्हणजे ताठपणा चुकलेला बाण कितीही मोलाचा असला तरी वाया, आणि ताठपणा जुळलेला साधा बाण पुष्कळ काम देतो. तसेच बाराही बाण वजनाने व लांबीने सारखे असावेत. या दोन बाबतींत काटकसर करू नये.

ताठपणा व वजन जुळल्यावर सरळपणाचा प्रश्न येतो, आणि किमतीतील फरक बहुतांशी येथे असतो. एकाच कारखान्याचा एकाच जातीचा दांडा सरळपणाच्या मापावरून निरनिराळ्या दराने विकला जातो. साध्या प्रतीत इंचाच्या हजार भागांपैकी सहा भागांची चूक क्षम्य मानतात, तर उंची प्रतीत एकाच भागाची. दोहोंतील अंतर भरते मिलिमीटरच्या अष्टमांशाइतके. आता मुलाच्या हाताचा हिशेब पाहा. बाण 70 सेंटिमीटर लांब धरला व ओढलेल्या हाताची जागा हनुवटीशी 1 मिलिमीटर चुकली, तर 70 मीटरवर ती चूक शंभरपट होऊन 10 सेंटिमीटर होते. ऑलिंपिकच्या त्या अंतरावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे 12.2 सेंटिमीटर, अर्थात बाण वर्तुळाबाहेर गेला. दांड्याची चूक व हाताची चूक यांचे गणित अगदी एकाच रीतीचे नव्हे, हे खरे. परंतु प्रमाण ध्यानात यावे. नवशिक्याचा हात एक सोडून चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे होतो. त्यास अष्टमांश मिलिमीटरचा सरळपणा विकत घेऊन देणे, म्हणजे मुळाक्षरे गिरवणाऱ्यास सोन्याचे टाक देण्यासारखे आहे.

याच्या उलट बाजूही तितकीच खरी आहे. ज्याचा हात स्थिर झाला, त्यास साधा बाण अन्याय करतो. ऑलिंपिकच्या मैदानावर दिसणारे ईस्टन कंपनीचे ‘एक्स-टेन’ जातीचे बाण बारीक व वजनदार असतात, त्यामुळे वाऱ्याने कमी ढळतात. अशा बारा बाणांस पुष्कळांच्या महिन्याच्या पगाराहून अधिक पैसे पडतात, पण जेथे एका गुणाने निकाल फिरतो तेथे तो खर्च चैनीत जमा करता येत नाही.

मग वेळ आली, हे कोणी सांगावे? दुकानदाराने नव्हे, आणि हट्टाने तर नव्हेच. ते बाणांसच विचारावे. प्रत्येक बाणावर एक ते बारा आकडे घालावेत आणि एक साधी वही करावी. प्रत्येक फेरीनंतर कोणता आकडा कोठे लागला, हे मुलाने स्वतः लिहावे. वीस-पंचवीस फेऱ्यांनंतर वही उघडावी. कधी तिसरा, कधी नववा, कधी सातवा असे निरनिराळे बाण भरकटत असतील, तर दोष हाताचा आहे. तेथे पैसा शिक्षकावर व सरावावर घालावा. इतर बाण एका मुठीत मावतील इतके जवळ बसत असून नेमका पाचवा पुनःपुन्हा बाहेर पडत असेल, तर दोष त्या बाणाचा. त्याची पिसे व मागची खाच प्रथम बदलून पाहावी. हे काम घरी होते व स्वस्तात होते. मुळात सारेच बाण आता हाताच्या मागे पडू लागले आहेत, अशी साक्ष वही व शिक्षक दोघेही देऊ लागले, म्हणजे वेळ आली असे समजावे.

वाढत्या वयाचा हिशेबही विसरू नये. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे हात वर्षात लांबतात, धनुष्याचा जोर वाढतो, आणि गेल्या वर्षीचे बाण लांबीस कमी व ताठपणास अपुरे पडतात. आखूड बाण ओढताना टेकणावरून घसरून हातात घुसू शकतो. म्हणून या वयात बाण थोडे लांबच घ्यावेत, आणि भारी तर मुळीच घेऊ नयेत. केंद्रातील सामायिक किंवा मोठ्या मुलांनी वापरून सोडलेले बाण चालतात. मात्र कार्बनचा प्रत्येक बाण मारण्यापूर्वी हलकेच वाकवून पाहावा व कान देऊन ऐकावे. करकर ऐकू आली वा चीर दिसली तर तो तेथेच मोडून टाकावा. ॲल्युमिनियमचा बाण वाकला तर डोळ्यांस दिसतो, कार्बनचा मात्र आत फुटतो आणि त्याच्या सळया हातात शिरतात. ज्यास हाही खर्च झेपत नाही, त्यास आपल्याकडील राष्ट्रीय स्पर्धांत बांबूच्या धनुष्याचा ‘इंडियन राउंड’ हा स्वतंत्र प्रकार आहे. त्याने आरंभ करण्यात कमीपणा नाही.

शेवटी घराविषयी दोन शब्द. एकत्र कुटुंबात एका मुलासाठी खर्च झाला की चार भावंडे पाहत असतात, आणि हिशेब सर्वांसमोर मांडावा लागतो. अदितीचे वडील शाळामास्तर. मुलीच्या साहित्यासाठी त्यांनी कर्ज काढल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले आहे. प्रत्येकाने कर्ज काढावे असे आम्ही म्हणणार नाही; पण मुलीच्या धनुष्याची पावती पाहून आठवणारी काटकसर मुलाच्या क्रिकेटच्या बॅटीच्या वेळी कोठे जाते, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे. ‘आता नको’ आणि ‘कधीच नको’ या दोन उत्तरांतील भेद मुलास आपल्याहून लवकर कळतो. पहिले उत्तर दिले असेल तर वहीची अट घालावी, दर महिन्यास थोडे पैसे बाजूस टाकावेत, आणि वहीने कौल दिला त्या दिवशी कुरकुर न करता बाण आणून द्यावेत. शब्द पाळला जातो असे दिसले, म्हणजे पुढच्या ‘आता नको’ला मूल रुसत नाही.