‘बाई, इंजिन आहे, आवाज करणारच!’

गाडीला रेस दिली की इंजिनचा आवाज वाढतो, हे शेंबडे पोरही सांगेल. पण तो रोजच्यापेक्षा जास्त वाढतो आहे, वेगळा येतो आहे, असे एखादी बाई सांगते तेव्हा गॅरेजमध्ये तिला ठरलेले उत्तर मिळते : ‘बाई, इंजिन आहे, आवाज करणारच!’ तेच वाक्य पुरुषाने उच्चारले की लगेच बॉनेट उघडले जाते. पिठाच्या गिरणीतला पट्टा सैल झालेला, शिलाई मशीनची सुई अडलेली, स्टोव्ह भडकण्याच्या बेतात आलेला, हे सगळे आवाजावरून ओळखणारे आपले कान गॅरेजच्या दारातच बहिरे कसे ठरतात?

हा प्रश्न गाडीवाल्या बायकांचा, म्हणजे वरच्या वर्गाचा, असे काही मैत्रिणी म्हणतील. मला ते मान्य नाही. आमच्या संस्थेची जुनी पेट्रोल व्हॅन मारहाण झालेल्या बाईला रात्री-बेरात्री दवाखान्यात, पोलीस ठाण्यात नेते. ती बंद पडली तर कुणाची तरी फिर्याद त्या रात्री राहून जाते.

या व्हॅनचा आवाज पिकअप घेताना फार वाढला होता. सकाळी फटफट जास्त, गाडी तापली की कमी. आत बसलेल्या बायकांची डोकी दुखत. एका गॅरेजवाल्याने निदान केले : ‘बायकांना गाडी लागते.’ दुसऱ्याने प्लग बदलले, फॅनबेल्ट बदलला, बिल हातात दिले. आवाज होता तसाच. बोलणे सगळे आमच्या ड्रायव्हरभाऊंशी, पैसे मात्र आमच्याकडून. शेवटी आमच्याच एका कार्यकर्तीने थंड इंजिनवर टॉर्च मारून पाहिले, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडावर काजळीचा काळा ओघळ! तिथले पॅकिंग जळाले होते. लोखंड तापून फुगले की फट थोडी बुजते, म्हणून आवाज कमी होई. त्या फटीतून धूर गाडीत येत होता. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोके दुखते, मळमळते, आणि प्रमाण वाढले तर माणूस दगावतो. बाईचे दुखणे म्हणजे मनाचे खेळ, असे डॉक्टरांकडून आपण किती वर्षे ऐकले! इथे तेच वाक्य पान्हा घेऊन उभे होते.

या ज्ञानात गूढ काही नाही. पहिला प्रश्न एकच : आवाज इंजिनाबरोबर वाढतो की चाकांबरोबर? गाडी मोकळ्या जागी उभी करा, हँडब्रेक लावा, न्यूट्रलमध्ये रेस द्या. उभ्या गाडीत आवाज आला तर दोष इंजिन, सायलेन्सर किंवा त्यांच्या जोडण्यांत. गाडी पळतानाच, वेगाबरोबर घुमणारा आवाज आला तर टायर आणि चाकाचे बेरिंग तपासायचे. फटफट असेल तर सायलेन्सर फुटला किंवा पॅकिंग गेले. हवा ओढल्यासारखा घोंघाट असेल तर एअर फिल्टरचे झाकण नीट बसलेले नाही किंवा त्याचा पाइप सुटला आहे. चीं-चीं करतो तो पट्टा. सगळी गाडी थरथरत असेल तर इंजिन ज्या रबरी फाउंडेशनवर बसते ते फाटले असेल. पेट्रोल गाडी चढावर, वरच्या गिअरमध्ये खडखड करते ती उभ्या गाडीत ऐकू येत नाही. तिथे भेसळीचे पेट्रोल, टायमिंग किंवा आत साठलेला कार्बन यांचा संशय घ्यावा. इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, तर क्लच प्लेट झिजली. आणि आतून जड ठोके येऊन ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन तिथल्या तिथे बंद करायची. पुढे एक किलोमीटर रेटणे म्हणजे इंजिन घालवणे.

एवढे आठ-दहा वाक्यांत मावते. मग ते आपल्यापर्यंत का येत नाही? १९७४ साली पुण्याच्या टेल्को कारखान्याने इंजिनिअरांसाठी जाहिरात दिली, तीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते. सुधा कुलकर्णी यांनी – पुढच्या सुधा मूर्ती – थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि त्या कारखान्यात रुजू झाल्या. आता तसे कुणी छापत नाही. छापायची गरजच उरलेली नाही!

गॅरेजमधल्या पोराशी माझे भांडण नाही. तोही दहाव्या-बाराव्या वर्षी शाळा सोडून, उस्तादाच्या शिव्या खात शिकलेला असतो. भांडण आहे ते अवजार पुरुषाचे आणि सुई बाईची ठरवणाऱ्या श्रमविभागणीशी. आणि ती आपणही पोसतो, हे म्हटलेच पाहिजे. आपल्या संघटनांची ‘स्वावलंबन’ प्रशिक्षणे काढून पाहा : शिवण, पापड-लोणची, ब्यूटी पार्लर. उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला महिला समाख्या कार्यक्रमातल्या खेड्यातल्या बायका हातपंप दुरुस्ती शिकल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या. पंप उघडता आल्यावर अक्षरे शिकण्याची मागणी त्यांनीच पुढे आणली. हातात पान्हा आला की बाई गप्प बसत नाही, याचा आणखी काय पुरावा हवा?

म्हणून माझे म्हणणे असे. ज्या संघटनेकडे गाडी आहे तिने कार्यकर्त्यांच्या शिबिरात कायद्याच्या सत्राइतकेच महत्त्व देऊन अर्धा दिवस बॉनेट उघडून बसावे. गॅरेजमध्ये आधी अंदाजपत्रक लेखी मागावे, बदललेला जुना पार्ट परत मागावा, आणि ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारावा. मुलींना आय.टी.आय.च्या मोटार मेकॅनिक शाखेत घालण्यासाठी घरच्यांशी भांडावे लागले तर आपण तिच्या बाजूने उभे राहावे.

‘आवाज करणारच’ असे कुणी म्हणाले तर सांगायचे : होय, करणार. पण तो कुठून येतो, हे दाखवल्याशिवाय आम्ही इथून हलणार नाही.