पाच लाखांच्या योजनेत डॉक्टरची फी कुठे आहे?

राजारामपुरीच्या गल्ल्यांत हॉस्पिटलांची कमतरता नाही. तरीही वस्तीतला पेशंट घेऊन आम्ही तिथे गेलो की पहिला प्रश्न आजाराचा नसतो. "योजनेत बसतंय का?" हा असतो.

हे 'बसणे' कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत खासगी डॉक्टरला वेगळी फी नाही. ठरलेल्या उपचाराचा ठरलेला दर, म्हणजे पॅकेज. खाट, नर्स, भूल, सर्जन, तपासण्या, औषधे, जेवण सगळे त्यातच. पूर्वमंजुरी, उपचार, कागदपत्रे, मग रक्कम हॉस्पिटलच्या खात्यात. त्यातले डॉक्टरला किती, ते हॉस्पिटल ठरवते. आयुष्मान भारतच्या नियमांत तर एकाच वेळी तीन शस्त्रक्रिया झाल्या तर सर्वांत महागडीचे पूर्ण पैसे, दुसरीचे ५० टक्के, तिसरीचे २५ टक्के.

दर परवडला नाही की तोटा कुणाकडून भरून काढणार? नातेवाइकांच्या हातात बाहेरच्या औषधांची चिठ्ठी येते, नाहीतर "योजनेची खाट शिल्लक नाही" हे उत्तर. दोन्ही आम्ही अनुभवले आहे. डॉक्टरला शिव्या घालणे सोपे, दराचा हिशेब मागणे कटकटीचे. म्हणून तो कुणी मागत नाही.

आमचा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. भरती झाल्याशिवाय पैसा सुटत नाही. कचरा वेचणाऱ्या बाईचा रक्तदाब महिन्याला तपासून गोळी देणाऱ्या गल्लीतल्या डॉक्टरला या योजनेतून एक रुपया नाही. तिचे हृदय बिघडले की मात्र पॅकेज तयार!

दुसरी पद्धत आपल्याच इतिहासात आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा १९४४ साली प्रा. बी. पी. आडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. त्यातल्या पॅनेल डॉक्टरचा मोबदला ऑपरेशनवर नाही, तर यादीतल्या कामगारांच्या संख्येवर, दरडोई. यात नाव लिहून घ्यायचे आणि पेशंटला दोन मिनिटांत वाटेला लावायचे, ही पळवाट आहेच. पण कामगार धडधाकट राहिला म्हणून डॉक्टरचे नुकसान होत नाही. अडचण एवढीच की तो कायदा पगारपत्रक असणाऱ्यांचा. नाक्यावरच्या मजुराला पगारपत्रक कोण देणार?

म्हणून फुल्यांच्या नावाच्या योजनेत वस्तीजवळच्या डॉक्टरला दरडोई मोबदला हवा आणि प्रत्येक पॅकेजमधला डॉक्टरचा वाटा जाहीर व्हायला हवा. तोवर पेशंट नेताना आरोग्यमित्राकडून पॅकेजचे नाव, दर आणि त्यात काय धरले आहे ते लिहून घ्या. औषध बाहेरून आणायला लावले तर पावती जपा आणि १५५३८८ वर तक्रार नोंदवा.