साडी फुकट असेल, तुमचा तास फुकट नाही



"सर, घरात जुन्या साड्या पडल्यात. त्यांच्या पिशव्या शिवून विकू का? भांडवल शून्य आहे." हा प्रश्न दर बॅचमध्ये एकदा तरी येतोच. माझं उत्तर : जरूर शिवा. पण 'भांडवल शून्य' हे आधी डोक्यातून काढून टाका. टाकाऊतून टिकाऊ करणारे घरगुती उद्योग याच समजुतीपायी बसतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

दारावर येणारी बोहारीण आठवा. जुन्या साड्या घेऊन ती स्टीलचं पातेलं द्यायची आणि आपली आई "वर एक वाटी दे" म्हणून तासभर घासाघीस करायची. म्हणजे आपण जिला टाकाऊ म्हणतो त्या साडीला भाव आहे. तो बोहारणीला कळतो, आईला कळतो. तुम्ही मात्र ती शून्य रुपयांना धरता!

आता वही-पेन घ्या. सहावारी सुती साडी साधारण साडेपाच मीटर. विरलेला भाग काढला, बंदांसाठी पट्ट्या ठेवल्या आणि कापड दुहेरी धरलं, तर भाजीच्या सहा पिशव्या आरामात निघतात. एकेरी शिवाल तर बारा निघतील, पण दोन-तीन किलो कांदे-बटाटे भरले की कापड फाटेल आणि ते गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही.

समजा साडीची किंमत ६० रुपये धरली. एका पिशवीला १० रुपये. दोरा, वीज, मशीनची देखभाल ५ रुपये. धुणं, इस्त्री, कापणं, शिवणं मिळून ४० मिनिटं. तुमचा तास ६० रुपयांचा धरला तर मेहनत ४० रुपये. एकूण ५५. तुम्ही विकता ३०ला! साडी आणि दोऱ्याचे १५ गेले की हातात राहिले १५, म्हणजे तासाला साडेबावीस रुपये. याला धंदा म्हणायचं का?

"पण सर, ७०ला कोण घेणार?" मग किंमत पाडू नका, वेळ कमी करा. सहा पिशव्या एकदम कापा. मग सगळ्यांचे बंद शिवा, मग सगळ्यांच्या बाजू. वेळ ४०वरून २५ मिनिटांवर आला, की ५५चा खर्च ४० होतो. आता ५०ला विकलीत तरी मेहनतीचे पैसे सुटून १० रुपये नफा.

दुसरी अडचण मी स्वतः भोगली आहे. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा घरी आम्हीही हाच उद्योग केला. पहिल्या पंचवीस पिशव्या सोसायटीतच संपल्या. मग एका दुकानदाराने शंभर मागितल्या, सगळ्या एकसारख्या. कपाट रिकामं झालेलं! शेजाऱ्यांकडून साड्या आणल्या तर कुठे नायलॉन, कुठे सिंथेटिक. ऑर्डर गेली. चूक दुकानदाराची नव्हती. घरातला साठा एकदा संपतो, हे मला आधी सुचायला हवं होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : घरातली अडगळ हे तुमचं शिक्षण आहे, तुमचा कच्चा माल नाही. तिच्यावर हात बसवा, माप पक्कं करा, चार गिऱ्हाइकांना दाखवा. पण पहिल्या दिवसापासून किंमत अशी लावा, जणू कापड विकत आणलंय. आणि दुसरी वाट शोधून ठेवा. टेलरकडे उरलेले तुकडे असतात. ओटीत आलेले, या घरातून त्या घरात फिरणारे ब्लाउजपीस तर कोरेच असतात, अस्तराला उत्तम. कापड वेगवेगळं असू द्या, पण माप, बंद आणि शिवण प्रत्येक पिशवीची सारखीच हवी. गिऱ्हाईक ओळखतं ते तिथे.

आजचा गृहपाठ : एक साडी काढा, मोबाईलवर वेळ लावा आणि फक्त एक पिशवी शिवा. लागलेली मिनिटं वहीत लिहा. किंमत त्यानंतर ठरवा, आधी नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शिकत राहा, हिशोब लिहीत राहा!