दलम नव्हे, दळण

मागच्या गुरुवारी रात्री साडेनऊला शहापुरातून आत्याचा फोन आला. "अरे, सगळं गेलं. नुसता एक 'म' उरलाय."

आत्या निवृत्त शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, तेव्हापासून डावा हात मांडीवरच असतो. उजव्या हाताने ती सध्या आईकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या संगणकावर उतरवते आहे. काही मराठी, काही कन्नड, काही अर्ध्या-अर्ध्या. कुठल्याही वहीत त्या नाहीत. अलीकडे एखाद्या ओवीची दुसरी ओळ आठवायला तिला दोन-दोन दिवस लागतात, म्हणून घाई. बारा पानं झाली होती.

मजकूर कॉपी करून मुलीला पाठवायचा म्हणून तिने कंट्रोल आणि ए दाबलं. सगळी पानं निवडली गेली. मग कंट्रोल आणि सी. पण अंगठा कंट्रोलवर टेकण्याआधीच तर्जनी सी वर पडली. निवडलेल्या मजकुरावर कोणतंही अक्षर टाइप केलं की जुनं पुसून त्या जागी ते येतं. मराठीच्या इनस्क्रिप्ट की-बोर्डवर सी च्या बटणावर 'म' असतो. बारा पानांच्या जागी एक 'म'!

"काही दाबू नकोस, बंद करू नकोस, सेव्ह तर मुळीच नको," असं सांगून वरच्या पट्टीतला मागे वळलेला बाण माउसने दाबायला लावला. पानं परत आली. कंट्रोल आणि झेड दाबूनही हेच होतं, पण त्या घडीला तिला पुन्हा दोन बटणं एकदम कशी सांगणार?

वाचकहो, दोन्ही हात धड असलेल्यांचीही हीच चूक होते. "कंट्रोल प्लस सी" असं लिहिलेलं असतं, म्हणून आपण दोन्ही बटणं एका दमात दाबतो. कंट्रोल, शिफ्ट आणि आल्ट स्वतः अक्षर उमटवत नाहीत, दुसऱ्या बटणाचं काम बदलतात. म्हणून ती आधी दाबून धरायची, मग अक्षरावर टिचकी मारायची, मग सोडायचं. तेल तापण्याआधी मोहरी टाकली तर फोडणी कशी बसेल? वर्डमध्ये आल्ट मात्र नुसतं दाबून सोडलं तरी चालतं. वरच्या पट्टीवर छोटी अक्षरं उगवतात, ती एकेक करून दाबत जायची.

काही जोड्या तर मुद्दामच अवघड केलेल्या आहेत. आयबीएमचा पीसी 1981 साली आला. त्यावर काम करणाऱ्या डेव्हिड ब्रॅडली यांनी संगणक पुन्हा सुरू करायला कंट्रोल, आल्ट आणि डिलीट अशी तिकडी ठरवली, ती चुकून एका हाताने दाबली जाऊ नये म्हणूनच. हेतू चांगला, पण ज्याला एकच हात आहे त्याने काय करायचं?

रविवारी मी शहापूरला गेलो. विंडोजमध्ये यावर सोय आहे, 'स्टिकी कीज'. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की चौकट येते, तिथे हो म्हणायचं. गेम खेळणारी मुलं हिला वैतागतात. एकदा ती सुरू झाली की कंट्रोल दाबून सोडा, हात उचला, सावकाश सी दाबा. संगणक कंट्रोल लक्षात ठेवतो. दोन बटणं एकदम दाबली तर ही सोय आपोआप बंद व्हावी असंही सेटिंग असतं, ते काढून टाकलं.

आत्याची सून धारवाडची. नातू शेजारी उभा राहून सांगत होता, "अज्जी, ओट्टिगे अल्ल. ओंदाद मेले ओंदु." माझ्या पाच मिनिटांच्या व्याख्यानापेक्षा तिला ते लवकर कळलं. भाषा बदलायला विंडोजचं बटण, मग स्पेस. इनस्क्रिप्टची गंमत अशी की मराठी 'क' जिथे, कन्नड 'क' ही तिथेच. बोटांना नवीन शिकावं लागत नाही.

मग पानं वाचायला घेतली. दळणाच्या ओव्यांत जागोजागी "दलम". "पाणी" चं "पामी", "बाळ" चं "बाल". पोटात खड्डा पडला. जिने आमचे ऱ्हस्व-दीर्घ ठोकून बसवले, तिची ही अक्षरं? झटक्याने आणखी काय नेलं, असं मनात आलं. बोललो काही नाही.

"ळ काढून दाखव," एवढंच म्हटलं. तिने शिफ्ट दाबून सोडलं, जरा थांबली, एन दाबलं. ळ. पुन्हा शिफ्ट, मग सी. ण. तेव्हा उलगडलं. शिफ्टशिवाय त्याच बटणांवर ल आणि म असतात. जिथे करंगळी शिफ्टवरून निसटली होती, तिथे तिथे दळणाचं दलम झालं होतं. ओव्या बरोबर होत्या.

कंट्रोल, मग एच. शोधायच्या चौकटीत "दलम", बदलायच्या चौकटीत "दळण". तिनेच टाइप केलं, एका बोटाने. सगळीकडे एकदम बदललं. "बाल" मात्र एकेक पाहून बदलायला सांगितलं, नाहीतर बालपणाचं बाळपण व्हायचं.

"ते मी बघते," आत्या म्हणाली. "तू ऊठ आता. तेरावं पान सुचलंय."