अल्बमच्या यादीत न मावणारे कवी-गायक

थ्रेड : बॉब डिलन, नामदेव-जनाबाई आणि वामनदादा कर्डक

रॉकप्रेमींच्या जगात एक वाद कधीच मिटत नाही. कवी-गायकांचा सर्वश्रेष्ठ अल्बम कोणता? जोनी मिचेलचा ‘ब्लू’ (१९७१), बॉब डिलनचा ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ (१९७५), की लेनर्ड कोहेनचा १९६७ मधला पहिलाच? लातूर जिल्ह्यातल्या औशात कानाला हेडफोन लावूनही हा वाद आज तितक्याच हिरिरीने घालता येतो, आणि घालावाही. या अल्बमांच्या थोरवीविषयी शंका नाही. आक्षेप आहे तो यादी करण्याच्या रीतीवर. ‘अल्बम आहे का?’ हा पहिलाच प्रश्न ठेवला, की मराठीतले खरे कवी-गायक दारातच अडतात.

आधी व्याख्या पाहू. शब्द स्वतःचे, चाल स्वतःची, आवाज स्वतःचा, तो कवी-गायक. साठच्या दशकापूर्वी पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात ही तीन कामे बहुधा तीन माणसे करीत. डिलन आणि बीटल्स यांच्या पिढीने ती एकत्र आणली, म्हणून त्यांचे एवढे कौतुक झाले.

मराठी ध्वनिमुद्रिकांचे जग मात्र दीर्घकाळ श्रमविभागणीवरच चालले. कवी वेगळा, संगीतकार वेगळा, पुष्कळदा गायकही वेगळा. ‘गीतरामायण’ हे त्याचे सर्वोच्च शिखर. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली ५६ गीतांची ही मालिका. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे आणि स्वर अनेक गायकांचे. एका कथासूत्रात गुंफलेला अल्बम म्हणजे काय, हे जग १९६७ मध्ये बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स’च्या निमित्ताने चर्चू लागले, मराठी श्रोता त्याआधी बारा वर्षे दर आठवड्याला रेडिओजवळ बसत होता. तरीही गीतरामायण कवी-गायकाची कृती नव्हे. ती दोन प्रतिभावंतांची भागीदारी आहे.

मग मराठीत एकहाती लिहिणारे, गाणारे कुठे होते? त्यासाठी मुंबई-पुण्याचे स्टुडिओ सोडून मराठवाड्यात यावे लागते. परंपरेनुसार संत नामदेव हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे, जनाबाई परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या. नामदेव कीर्तनात उभे राहून स्वतःची रचना गात. त्यांची पदे पंजाबपर्यंत पोहोचली. गुरु ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदे आहेत. सातशे वर्षांपूर्वीचा हा प्रवास कोणत्याही कंपनीच्या वितरणाविना झाला.

आणि श्रेयाचे काय? अल्बमच्या वेष्टनावर जे छापतात, ते अभंगात शेवटच्या चरणात गायले जाते. ‘नामा म्हणे’, ‘जनी म्हणे’ ही नाममुद्रा गाण्याच्या अंगातच विणलेली असते. औशाच्या नाथ संस्थानातील चक्रीभजनाची परंपरा अनेक पिढ्यांची; औसेकर महाराजांचे हे भजन पंढरपुरातही होते. अशा भजनात अभंग पूर्ण गायला, की कर्त्याचे नाव वेगळे सांगावे लागत नाही.

येथे रॉकप्रेमीचा एक आक्षेप रास्त आहे. ‘ब्लू’ ऐकताना जोनी मिचेलचा प्रत्यक्ष कंठ ऐकू येतो, त्यातला कंप, श्वास, सारे काही. नामदेवांचा आवाज कोणाकडे आहे? कोणाकडेच नाही. ही हानी खरी आहे आणि कितीही अभिमान बाळगला तरी ती भरून निघत नाही. मात्र त्यापुढची पायरी, म्हणजे ‘ध्वनिमुद्रण असते तेथे कृती कायमची निश्चित होते’ ही समजूत, टिकणारी नाही. ती खोडून काढणारा पुरावा खुद्द ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’मध्येच आहे.

डिलनने हा अल्बम सप्टेंबर १९७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केला. चाचणी-तबकड्याही निघाल्या. मग त्याचे मन फिरले. डिसेंबरअखेर मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिस शहरात स्थानिक वादकांना घेऊन त्याने दहापैकी पाच गाणी पुन्हा मुद्रित केली, काही शब्दही बदलले. जानेवारी १९७५ मध्ये बाजारात आले ते या दोन्ही सत्रांचे मिश्रण. न्यूयॉर्कची आवृत्ती अधिक हळवी की मिनिआपोलिसची अधिक धारदार, हा वाद चाहते आजही घालतात. पुढे मंचावर गाताना डिलन त्याच गाण्यांचे शब्द पुन्हा बदलत राहिला.

मराठीत याला पाठभेद म्हणतात. गाथेच्या अभ्यासकाला तो नवा नाही. एकच अभंग दोन हस्तलिखितांत दोन रूपांत सापडतो. नामदेवांच्या नावावर त्यांच्यानंतरच्या विष्णुदास नाम्याच्याही रचना मिसळल्या आहेत. मग पाठभेदांमुळे डिलनचा अल्बम अधिक रसपूर्ण ठरतो आणि नामदेवांचा अभंग तेवढा अविश्वसनीय, हा न्याय कोणता?

श्रेयाच्या बाबतीत तर वेष्टनच तोकडे पडले. ती आधीच छापून झाल्यामुळे मिनिआपोलिसच्या वादकांची नावे त्यांवर आलीच नाहीत. त्यांना रीतसर श्रेय मिळायला २०१८ चा विस्तृत संच निघावा लागला. जनाबाईंचे अभंग नामदेवांच्या गाथेत समाविष्ट होऊनही त्यांचे नाव पुसले गेले नाही, ते ‘जनी’ या दोन अक्षरांमुळे.

हा सारा भूतकाळच आहे असे मात्र नाही. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मूळचे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. अक्षरओळख झाली ती मोठेपणी. आंबेडकरी विचारांची गीते स्वतः रचायची, स्वतः चाल लावायची आणि गावोगावी स्वतः गायची, हे त्यांनी आयुष्यभर केले. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ हे त्यांचे संग्रह छापील रूपात आहेत. व्याख्येच्या तिन्ही अटी विसाव्या शतकात इतक्या काटेकोरपणे पुऱ्या करणारा दुसरा मराठी माणूस शोधणे कठीण. तरीही ‘अभिजात अल्बम’ विचारले की त्यांचे नाव येत नाही. पुष्कळ श्रोत्यांपर्यंत त्यांची गीते इतरांच्या आवाजात पोहोचली आणि अनेकदा ‘पारंपरिक’ समजून ऐकली गेली.

याचा परिणाम केवळ यादीपुरता राहत नाही. जतन काय करायचे, हे यादीच ठरवते. ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’चे फेकून दिलेले प्रयत्नसुद्धा सहा तबकड्यांत मिळतात. वामनदादांना प्रत्यक्ष ऐकलेली माणसे मराठवाड्यात अजून आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींच्या कपाटात कार्यक्रमांच्या कॅसेटही असतील. नामदेवांच्या आवाजाबद्दल जी हळहळ व्यक्त करावी लागते, ती येथे अजून अटळ नाही.

वामनदादाही पुष्कळ गीतांच्या अखेरीस ‘वामन’ ही नाममुद्रा घालीत. गीत पूर्ण गायले गेले तर नाव आपोआप पोहोचते. तीस सेकंदांच्या रीलमध्ये मात्र धृपद आणि फार तर पहिले कडवे बसते. नाव असते शेवटच्या कडव्यात.