पारितोषिकांची पंगत

नाटकवेडे, गाणेवेडे आणि क्रिकेटवेडे यांना आपल्या समाजात काही एक प्रतिष्ठा आहे. दूरचित्रवाणीच्या वेडाला मात्र ती अद्याप लाभलेली नाही. तरीही या वेड्यांच्या पंक्तीला आम्ही उघडपणे बसतो. या वेडाचा मोठा वार्षिक उत्सव म्हणजे अमेरिकेतील ‘एमी’ पारितोषिकांचा सोहळा. चित्रपटांना जसे ऑस्कर, तसे तेथील दूरचित्रवाणीला एमी. हा सोहळा बहुधा सप्टेंबरात, आपल्या गणपती-पितृपक्षाच्या सुमारास होतो.

त्याचा आरंभ अगदी साधा होता. 25 जानेवारी 1949 रोजी लॉस एंजेलिस येथे पहिला सोहळा झाला, तोही केवळ त्या परिसरातील कार्यक्रमांपुरता. पहिले पारितोषिक शर्ली डिन्सडेल या तरुणीला मिळाले. ती कोणी मोठी नटी नव्हती; बोलकी बाहुली हाती घेऊन शब्दभ्रमाचे प्रयोग करणारी कलावती होती. पाध्ये पितापुत्रांचा अर्धवटराव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तिची कला निराळी समजावून सांगणे नलगे. ‘एमी’ हे नावही छायायंत्रातील एका नळीच्या ‘इमी’ या लाडक्या नावावरून आले. पंख असलेली स्त्री हाती अणू धरून उभी आहे, अशी ती मूर्ती. पंख कलेचे आणि अणू विज्ञानाचा. लुई मॅकमॅनस या अभियंत्याने आपल्या पत्नीला समोर ठेवून तिची घडण केली.

या सोहळ्याबद्दल आम्हाला आदर वाटतो तो त्याच्या झगमगाटामुळे नव्हे, तर परीक्षणाच्या पद्धतीमुळे. नटांची नावे नटांनी सुचवावीत, लेखकांची लेखकांनी, संकलकांची संकलकांनी, असा तेथील दंडक आहे. जाणत्याने जाणत्याची परीक्षा करावी, हे तत्त्व कोणत्याही शिक्षकाला पटण्यासारखे आहे. आपल्याकडे अनेक वाहिन्या दरवर्षी आपल्याच मालिकांना आपणच पारितोषिके वाटतात. आदर्श सासू, आदर्श सून, आदर्श जोडी अशी वर्गवारी असते आणि कोणी विन्मुख परतत नाही. यजमान, आचारी आणि जेवणारे एकाच घरचे असले, की स्वयंपाक फसला असे कोण म्हणणार?

परंतु जाणते परीक्षकही चुकतात. ‘द वायर’ ही बाल्टिमोर शहरावरील मालिका 2002 ते 2008 या काळात चालली. पोलीस, गोदीतील कामगार, पालिका, शाळा आणि वृत्तपत्रे या साऱ्यांचे एकाच शहराच्या रूपाने घडविलेले असे दर्शन आम्ही दुसरे पाहिलेले नाही. तिच्या चौथ्या पर्वात दाखविलेली सरकारी शाळा तर आमच्या व्यवसायातील प्रत्येकाने पाहावी. या मालिकेस एकही एमी मिळाले नाही. ‘बेटर कॉल सॉल’ या मालिकेची कथा आणखी विलक्षण. तिला 53 नामांकने लाभली आणि पारितोषिक एकही नाही. सुझन लुची या अभिनेत्रीचे नाव अठरा वेळा पुकारले गेले आणि अठराही वेळा ती रिकाम्या हाती परतली. एकोणिसाव्या खेपेस, 1999 साली, तिला यश आले. वर्गात पहिला आलेला विद्यार्थी हुशार असतोच. पण हुशार असलेला प्रत्येक जण पहिला येत नाही, हे सत्य आम्ही प्रतिवर्षी निकालाच्या दिवशी अनुभवतो. म्हणून आमचा सल्ला असा की, विजेत्यांपेक्षा नामांकनांची यादी जपून ठेवावी. पाहण्याजोगे तिच्यातच अधिक सापडते.

यंदाच्या या लेखात आम्हाला मुख्यत्वे सांगायचे आहे ते ‘शोगुन’विषयी. जेम्स क्लॅव्हेल यांच्या 1975 सालच्या कादंबरीवर 1980 साली एक मालिका निघाली. तिच्यातील पात्रे जपानी बोलत, परंतु त्या संवादांचा अर्थ पडद्यावर बहुधा देत नसत. इंग्रज खलाशाला जे कळेल तेवढेच प्रेक्षकाला कळावे, असा हेतू. तिलाही एमी मिळाले. याच कादंबरीवरील नवी मालिका 2024 साली आली. तिच्यातील बहुतांश संवाद जपानी, आणि तेही त्या जुन्या काळाला शोभेल अशा घरंदाज जपानीत. अर्थ खाली लिहिलेला. प्रमुख नट हिरोयुकी सनाडा निर्मात्यांपैकीही एक असल्याने वेष, चालणे, बसणे, बोलणे यांतील अचूकतेवर त्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले. या मालिकेने एका वर्षात 18 एमी पटकावून विक्रम केला आणि सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा मान मिळविणारी ती पहिली इंग्रजीतर मालिका ठरली. त्यापूर्वी 2022 साली कोरियन ‘स्क्विड गेम’मधील ली जंग-जे यांनी अभिनयाचा मान मिळवून वाट मोकळी केलीच होती.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या घरांना या घटनेचे मोल विशेष वाटावे. 1972 साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा त्याच्या लहरी आपल्या छपरांपर्यंत पोहोचत नव्हत्या. पुढे उपग्रहावरून मराठी वाहिनी आली आणि आपल्या नातवंडांच्या कानी रोज मराठी पडू लागली. आज कित्येक घरांत आजीखालोखाल मराठीची शिक्षिका जर कोणी असेल, तर ती मालिका होय. मग ही शिक्षिका ‘मी तुझी मदत करते’ असे बोलू लागली, तर मुले ‘मी तुला मदत करते’ हे कोठून शिकणार? हिंदीच्या शेजारात राहणाऱ्या आपल्याला हा धोका पुण्यामुंबईकरांहून आधी जाणवतो. बाजार हवा तर भाषा सैल करावी लागते, असे निर्माते म्हणतात. ‘शोगुन’ने त्या सबबीला परस्पर उत्तर दिले आहे. भाषा जितकी आपल्या मातीची, तितके परके लोक अधिक आस्थेने ऐकतात.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत घरातल्या घरात एक छोटे परीक्षक मंडळ नेमावे. आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येकाने वर्षभरात पाहिलेली एक मालिका निवडावी, कारणे सांगावीत, आणि भाषेला वेगळे गुण ठेवावेत. विजेत्या मालिकेच्या वाहिनीस एक पत्र शुद्ध मराठीत अवश्य धाडावे, आणि ज्या मालिकेची भाषा खटकली तिलाही. मूर्ती देणे आपल्या हाती नाही. कान तयार ठेवणे मात्र नक्कीच आहे.