नमुना किल्लारीचा, प्रकाश इंदूरचा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूमी हादरली, हजारो माणसे ढिगाऱ्यांखाली गेली, आणि त्यानंतर विज्ञानाची दृष्टी या भागाकडे वळली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने येथे ६१७ मीटर खोल विवर घेतले. ३३८ मीटर काळा पाषाण, त्याखाली ८ मीटर गाळाचा थर आणि मग अतिप्राचीन खडक असा त्याचा छेद निघाला. खडकांचे ते नमुने जपून ठेवले गेले, अभ्यासले गेले. तसे होणे योग्यच होते. परंतु याच भागातील रुग्णांच्या देहातून घेतलेल्या नमुन्यांच्या वाट्याला तेवढी आस्था येते काय?

हा प्रश्न आज विचारण्यास कारण आहे. अवरक्त किरण आणि सूक्ष्मदर्शक यांची सांगड घालून पेशींचे रसायन वाचण्याची विद्या आता प्रगत झाली आहे. प्रथिने, मेद आणि न्यूक्लिक आम्ले यांचे रेणू आपापल्या ठराविक लांबीच्या अवरक्त लहरी शोषतात. त्यामुळे ऊतीचा पातळ छेद कोणताही रंग न लावता त्याच्या घटकांचा नकाशा देतो. निरोगी व कर्करोगग्रस्त ऊतींतील भेद त्यावरून ओळखण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-१ या सिंक्रोट्रॉनमधून मिळणारा अवरक्त प्रकाश साध्या दिव्याहून कितीतरी प्रखर असतो. म्हणून अगदी लहान ठिपकाही स्पष्ट वाचता येतो. अर्थात, ही विद्या विकृतिशास्त्रज्ञाची जागा घेणारी नव्हे. ती अद्याप मुख्यतः संशोधनाचे साधन आहे.

मात्र खरी अडचण इंदूरला नाही, आपल्याच दारी आहे. नेहमीची काचपट्टी या कामाच्या अवरक्त लहरींपैकी बहुतेक स्वतःच शोषून घेते. म्हणून रुग्णालयांतील रंगवलेल्या काचपट्ट्या येथे फारशा उपयोगी नाहीत. उपयोग आहे तो मेणात बसवलेल्या ऊतींच्या ठोकळ्यांचा. त्यातून नवा छेद घेऊन, मेण काढून तो कॅल्शियम फ्लुओराइडच्या पट्टीवर ठेवता येतो. ठोकळा नीट जपला नाही, किंवा त्यासोबत वय, व्यसन व आजाराची नोंद राहिली नाही, तर जगातील प्रखरतम प्रकाशही त्यावर व्यर्थच होय.

या मुलखाने विज्ञानाला यापूर्वीही दिले आहे. १९८२ पर्यंत किल्लारी ज्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते, त्या जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील अभ्यासात समावेश होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनी विषाणूच्या एका चाचणीने मृत्यू निम्म्यावर येऊ शकतात, हे दाखवले. त्याच अभ्यासात तुलनेसाठी तपासणीविना ठेवलेल्या गटाविषयी पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले. ज्ञान जगाला मिळाले. देणाऱ्यांना काय मिळाले, हा हिशेब मागण्याचा अधिकार त्या स्त्रियांना आहेच.

म्हणून मराठवाड्यात सिंक्रोट्रॉन हवा, अशी मागणी करणे अनाठायी ठरेल. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने ठोकळ्यांचा व्यवस्थित संग्रह करावा, रुग्णाची संमती त्याला समजेल अशा मराठीत घ्यावी, तरुण अध्यापकांनी इंदूरच्या केंद्राकडे प्रस्ताव पाठवावेत आणि शासनाने त्यांच्या प्रवासाची व पट्ट्यांची तरतूद करावी, एवढे तरी व्हावे. तंबाखूने ग्रासलेल्या या भागात मुखाचा कर्करोग वेळीच ओळखण्याची निकड कोणी सांगावयास नको. भूकंपानंतर किल्लारीचा खडक ज्या काळजीने जपला गेला, तेवढी काळजी किल्लारीच्या माणसाच्या नमुन्याला मिळाली, तरच विज्ञान या भूमीचे ऋण फेडू लागले, असे म्हणता येईल.